पडून राहण्याचा इलाज

इजिप्तमधल्या लक्सर इथे १८६२ मध्ये एडविन स्मिथ या अमेरिकी गृहस्थाने एक जुना पपायरस विकत घेतला. साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वी नकलून ठेवलेली ही वैद्यकाची पोथी, जखमा आणि हाडांच्या दुखापतींवरची. ती डोक्यापासून सुरू होते, एकेका अवयवाने खाली उतरत जाते आणि अठ्ठेचाळिसाव्या रुग्णापाशी येऊन थांबते. या रुग्णाचा पाठीचा मणका लचकला आहे. वैद्य त्याला दोन्ही पाय लांब करून पुन्हा आखडायला सांगतो. पाय लांब होताच पाठीत कळ येते आणि रुग्ण ते झटकन आखडून घेतो. आजचे डॉक्टर कंबरदुखीच्या रुग्णाचा पाय उचलून जे पाहतात, त्याच्याशी हे चांगलंच मिळतंजुळतं आहे. पोथी म्हणते, याच्यावर इलाज करता येईल. त्याला उताणं निजवावं. आणि त्यापुढच्या वाक्याच्या मध्येच नकलकाराचा हात थांबला आहे. पुढचा इलाज काय होता, ते कुणालाच ठाऊक नाही.

यावरून कुणाला वाटेल की कंबर धरली की अंथरूण धरायचं, ही चाल तेव्हापासून अखंड चालत आली असावी. तसं नाही. ग्लासगोचे अस्थिशल्यविशारद गॉर्डन वॉडेल यांनी डेव्हिड ॲलन यांच्यासोबत पाठदुखीचा इतिहास धुंडाळून १९८९ मध्ये एक लेख लिहिला. पाठदुखी सगळ्या काळात, सगळ्या समाजांत होती, हे त्यात दिसलं. पण पाठ दुखते म्हणून आठवडेच्या आठवडे काम सोडून पडून राहणं आणि त्यातून माणूस कायमचा अधू होणं, हे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनचं आहे. म्हणजे ही रीत आजीच्या बटव्यातून आलेली नाही. ती दवाखान्यातून आली.

आजीच्या बटव्यात वेगळंच होतं. महाराष्ट्रातल्या जुन्या घरांत उसण भरली की वीट तापवून, फडक्यात गुंडाळून शेक द्यायचे, तेल चोळायचे. गावात कुणी पायाळू असेल, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेलं माणूस, तर त्याच्याकडून कमरेला पाय लावून घ्यायचे. पायाच्या त्या स्पर्शात औषध नव्हतं. पण त्यासाठी उठून त्याच्या दारापर्यंत चालत जावं लागे, आणि आता बरं वाटेल असा भरवसा घेऊन माणूस परत येई. या दोन गोष्टींची किंमत वैद्यकाला कळायला फार वेळ लागला.

दवाखान्यात विश्रांती आली ती चांगल्या कारणाने. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समध्ये जॉन हिल्टन यांनी १८६० ते १८६२ या काळात वेदना आणि विश्रांती या विषयावर व्याख्यानं दिली. ती पुढे पुस्तकरूपाने पिढ्यान् पिढ्या वाचली गेली. लिव्हरपूलच्या ह्यू ओवेन थॉमस यांचा तर विश्रांतीवर निस्सीम विश्वास. दुखऱ्या सांध्याला सक्तीची, अखंड आणि दीर्घ विश्रांती दिली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. मांडीचं हाड मोडल्यावर पायाला लावतात ती थॉमस स्प्लिंट त्यांचीच. त्या काळात हाडांचा आणि सांध्यांचा क्षय सर्रास होता, प्रतिजैविकं नव्हती आणि किडलेला मणका हलू न देणं हाच काय तो मार्ग होता. मोडलेल्या आणि कुजलेल्या हाडाला विश्रांती हवी, हे बरोबरच होतं. चूक झाली ती पुढे: न मोडलेल्या, न कुजलेल्या, नुसत्या दुखणाऱ्या पाठीलाही तोच नियम लागला.

त्यात रेल्वेची भर पडली. आगगाड्यांचे अपघात होऊ लागले, वरून जखम दिसत नसलेले प्रवासी महिनोन् महिने पाठ दुखते म्हणून सांगू लागले, नुकसानभरपाईचे दावे उभे राहिले. लंडनचे शल्यविशारद जॉन एरिक एरिक्सन यांनी १८६६ मध्ये या दुखण्यावर पुस्तक लिहिलं आणि मणक्याला बसलेल्या हादऱ्याशी त्याचा संबंध जोडला. लोक त्याला 'रेल्वे स्पाइन' म्हणू लागले. कोर्टात डॉक्टर विरुद्ध डॉक्टर उभे राहिले. पाठ ही नाजूक, सहज मोडणारी वस्तू आहे, ही समजूत इथून सर्वसामान्यांच्या डोक्यात शिरली. तोवर ओझी वाहणारा, नांगर धरणारा माणूस पाठीला शरीरातला सगळ्यात दणकट भाग समजत आला होता, आणि त्याचं काही चुकत नव्हतं.

मग १९३४ साल उजाडलं. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या विल्यम मिक्स्टर आणि जोसेफ बार यांनी दाखवून दिलं की दोन मणक्यांमधली चकती फुटून तिचा भाग मज्जारज्जूच्या पोकळीत आला, की नस दबते आणि पायात कळा उतरतात. शोध खरा होता, मोठा होता. सायटिकाने रात्र रात्र तळमळणाऱ्या कित्येकांना शस्त्रक्रियेने आराम पडला. पण चकतीचा दोष हे काही थोड्यांच्या दुखण्याचं कारण होतं, आणि बघता बघता ते सगळ्यांच्याच पाठदुखीचं कारण मानलं जाऊ लागलं. ही चकती, म्हणजे मणक्यांमधली गादी, सरकली आहे, ती जागेवर बसायची तर तिच्यावरचा भार काढला पाहिजे, भार काढायचा तर आडवं पडलं पाहिजे. ऐकणाऱ्याला चटकन पटेल असाच हा युक्तिवाद होता.

महाराष्ट्रात तो घरोघरी पोचला. कापसाची गादी काढून पलंगावर लाकडी फळी टाकायची. कमरेला पट्टा. इस्पितळात भरती होऊन कमरेला वजनं लावून घ्यायची. वाकायचं नाही, पाण्याची कळशी उचलायची नाही, खाली मांडी घालून जेवायला बसायचं नाही. उठायचं ते फक्त मोरीपर्यंत. तीन आठवड्यांनी उठलेल्या माणसाच्या पायातलं बळ गेलेलं असे, कंबर ताठरलेली असे, पहिल्यांदा वाकताना कळ येई आणि घरातले म्हणत, बघा, अजून बरं झालेलं नाही, आणखी पडून राहा.

या साऱ्यामागे वेदनेचं एक चित्र होतं, आणि ते अक्षरशः कागदावर काढलेलं चित्र आहे. फ्रेंच तत्त्वज्ञ रने देकार्त यांचा माणसाच्या शरीरावरचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १६६४ मध्ये, फ्रेंचमध्ये छापला गेला. त्यात एक मुलगा गुडघ्यावर बसला आहे, त्याचा पाय विस्तवाजवळ आहे, आणि पायापासून मेंदूपर्यंत एक बारीक धागा गेलेला दाखवला आहे. विस्तव धाग्याचं खालचं टोक ओढतो आणि वर मेंदूत, दोरी ओढल्यावर घंटा वाजावी तशी, वेदना वाजते. जितकी ओढ, तितका नाद. जितकी इजा, तितकी वेदना. मेंदूचं काम फक्त ऐकण्याचं. तीनशे वर्षं डॉक्टर हेच शिकले आणि रुग्णांनाही हेच सांगत आले. म्हणून तर दुखतंय तोवर आत काहीतरी मोडलेलं आहे, आणि ते सापडेपर्यंत हलायचं नाही, हे इतकं स्वाभाविक वाटतं.

या चित्राला तडा गेला तो युद्धभूमीवर. अमेरिकी भूलतज्ज्ञ हेन्री बीचर १९४४ मध्ये इटलीतल्या अँझिओच्या किनाऱ्यावर जखमी सैनिकांवर उपचार करत होते. हाडं फुटलेली, पोटात गोळ्या शिरलेल्या. तरीही विचारल्यावर दर चारातले सुमारे तीन जण वेदनाशामक नको म्हणत होते. ते बधिर झालेले नव्हते; शीर शोधताना एखाद्याने सुई वेडीवाकडी टोचली तर हेच सैनिक ओरडत. बीचरनी हे निरीक्षण १९४६ मध्ये प्रसिद्ध केलं आणि नंतर शस्त्रक्रिया झालेल्या नागरिकांशी त्याची तुलना केली. तेवढ्याच, किंबहुना कमी जखमेवर नागरिक कितीतरी अधिक औषध मागत होते. सैनिकासाठी जखम म्हणजे जिवंत घरी जाण्याची वाट होती. नागरिकासाठी ती संकटाची सुरुवात होती.

दुसरा एक पुरावा या कहाणीत भारतातून आला, आणि तो आणणारा माणूस गोव्यात जन्मलेला, पुण्यात राहिलेला होता. दामोदर धर्मानंद कोसंबी. गणिती, इतिहासकार, पायी भटकून जुन्या दैवतांचा आणि रूढींचा माग काढणारे संशोधक. त्यांचा 'लिव्हिंग प्रीहिस्टरी इन इंडिया' हा लेख 'सायंटिफिक अमेरिकन'च्या फेब्रुवारी १९६७ च्या अंकात आला; तेव्हा त्यांना जाऊन काही महिने झाले होते. त्यात पाठीत लोखंडी गळ टोचून घेऊन उंच लाकडाला टांगून घेणाऱ्या भक्ताचं वर्णन होतं. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेल्झॅक यांनी ते वाचलं आणि वेदनेवरच्या आपल्या पुस्तकात घेतलं. गावोगाव फिरवल्या जाणाऱ्या गाड्यावर तो माणूस दोरांना धरून असतो, उत्सवाच्या टोकाच्या क्षणी दोर सोडून केवळ गळांवर झुलतो, आणि त्याच्या चेहऱ्यावर वेदनेचा मागमूस नसतो, उलट तो आनंदात तल्लीन असतो. मराठी माणसाला यात बगाड ओळखू येईल. सातारा जिल्ह्यात वाईजवळच्या बावधनला रंगपंचमीला भैरवनाथाचं बगाड आजही निघतं, बैलांच्या जोड्यांवर जोड्या ते ओढतात. बगाड्याला आता गळ टोचत नाहीत, शिडाला, म्हणजे त्या उंच लाकडाला, बांधून चढवतात. नवस फेडणाऱ्या त्या माणसाची पाठ इतरांच्या पाठीहून निराळी घडलेली नसते. निराळा असतो तो प्रसंग, आणि त्या प्रसंगाचा त्याने लावलेला अर्थ.

मेल्झॅक आणि त्यांचे सहकारी पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आपला सिद्धान्त मांडला होता. मज्जारज्जूत एक दार आहे, असं त्यांचं म्हणणं. शरीराच्या कानाकोपऱ्यातून येणारे धोक्याचे संदेश या दारातून वर जातात. दार कधी किलकिलं असतं, कधी सताड उघडं. स्पर्शाच्या मज्जातंतूंकडून येणारे संदेश ते लोटून घेऊ शकतात, म्हणून आपटलेली जागा चोळली की बरं वाटतं. आणि मेंदूकडून खाली येणारे संदेशही दाराची उघडझाप करतात: भीती, लक्ष, आठवण, अपेक्षा. सिद्धान्तातले काही तपशील पुढे चुकीचे ठरले, पण गाभा टिकला. १९८३ मध्ये क्लिफर्ड वुल्फ यांनी प्राण्यांवरच्या प्रयोगात दाखवलं की इजेनंतर मज्जारज्जूतल्या पेशी स्वतःच हळव्या होतात आणि साध्या स्पर्शालाही जोराने उत्तर देऊ लागतात. म्हणजे मूळ इजा भरून आली तरी दुखणं मागे उरू शकतं. ते दुखणं खोटं नसतं. फक्त ते इजेचं मोजमाप राहिलेलं नसतं.

अंथरुणाविरुद्धचा पुरावाही याच सुमारास जमत होता. लंडनचे डॉक्टर रिचर्ड ॲशर यांनी १९४७ मध्येच 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये अंथरुणात पडून राहण्याचे धोके एकेका अवयवानुसार मांडले होते: रक्ताच्या गुठळ्या, छातीत साचणारा कफ, झिजणारी हाडं, वाळणारे स्नायू, शय्याव्रण, खचणारं मन. पाठदुखीची थेट कसोटी मात्र १९८६ मध्ये लागली. रिचर्ड डियो आणि सहकाऱ्यांनी टेक्सासमध्ये २०३ रुग्णांपैकी काहींना दोन दिवस आणि काहींना सात दिवस झोपून राहायला सांगितलं. दोन दिवसवाल्यांचे कामाचे खाडे ४५ टक्क्यांनी कमी झाले, बाकी कशातही ते मागे पडले नाहीत. पुढे हेलसिंकीत महापालिकेच्या १८६ कर्मचाऱ्यांचे तीन गट केले: दोन दिवस विश्रांती, पाठीचे व्यायाम, आणि तिसऱ्या गटाला सांगितलं की जमेल तेवढं रोजचं काम करत राहा. निष्कर्ष १९९५ मध्ये आले. सगळ्यात लवकर बरा झाला तिसरा गट. सगळ्यात सावकाश, अंथरुणातला.

आणि चकतीचं काय? १९९४ मध्ये अमेरिकेत पाठ अजिबात दुखत नसलेल्या ९८ जणांचं एमआरआय काढण्यात आलं. त्यातल्या ५२ टक्के लोकांची निदान एक चकती फुगलेली होती, २७ टक्क्यांची बाहेर डोकावत होती. सगळ्या चकत्या नीट असलेले साधारण तिसरा हिस्सा भरले. नंतर २०१५ मध्ये न दुखणाऱ्या ३११० लोकांचे अहवाल एकत्र पाहिले गेले, तेव्हा विशीतल्या ३७ टक्क्यांमध्ये आणि ऐंशीतल्या ९६ टक्क्यांमध्ये चकतीची झीज आढळली. चेहऱ्यावर सुरकुत्या याव्यात तसंच हे आतलं वय.

एवढं सगळं कळलं होतं, पण कळलं होतं ते डॉक्टरांच्या नियतकालिकांना. ज्याची पाठ दुखत होती तो अजून फळीवर पडला होता. वेदनेच्या इतिहासातली ही सगळ्यात क्लेशकारक गोष्ट आहे: रीत डॉक्टरांनी दिली, ती चुकीची आहे हेही डॉक्टरांनी शोधलं, पण रुग्णाच्या घरी जाऊन ती मागे घेणारं कुणी नव्हतं. पहिलं धड पाऊल पडलं ते ब्रिटनमध्ये. वॉडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिळून १९९६ मध्ये 'द बॅक बुक' नावाची छोटी पुस्तिका काढली. शरीररचनेच्या आकृत्या नाहीत, बिचकवणारे शब्द नाहीत. तुमची पाठ मजबूत आहे, दुखणं बहुधा गंभीर नाही, हलत राहा, हे साध्या भाषेत.

ही पुस्तिका ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात पोचली, तिथे खरी गोष्ट घडली. कामगारांना नुकसानभरपाई देणाऱ्या तिथल्या सरकारी प्राधिकरणाला पाठदुखीचे दावे फार महागात पडत होते. सप्टेंबर १९९७ मध्ये त्यांनी थेट टीव्हीवर, लोक जेवणं आटोपून बसतात त्या वेळेला, जाहिराती सुरू केल्या. 'बॅक पेन: डोन्ट टेक इट लाइंग डाउन' हे मोहिमेचं नाव, पाठदुखीपुढे आडवे होऊ नका. पडद्यावर नावाजलेले डॉक्टर होते, खेळाडू होते, टीव्हीवरची ओळखीची माणसं होती, आणि ती सांगत होती की आमचीही पाठ धरली होती, आम्ही हिंडतफिरत राहिलो. रेडिओ, छापील जाहिराती, रस्त्यावरचे फलक जोडीला होते. राज्यातल्या डॉक्टरांना उपचाराची मार्गदर्शक तत्त्वं धाडली गेली, 'द बॅक बुक'च्या प्रती वाटल्या गेल्या. सगळीकडे सूर एकच: बहुतेक पाठदुखी आपोआप उतरते, अंथरूण धरू नका, एक्स-रेचा बहुधा उपयोग नाही, कामावर परतायला पूर्ण बरं वाटेपर्यंत थांबू नका.

प्राधिकरणाला पैसे वाचवायचे होते, हे लपवण्यासारखं नाही. भरपाई देणाऱ्यानेच 'कामावर या' म्हटलं, तर कामगाराला शंका येणं रास्त आहे. म्हणून या मोहिमेची तपासणी महत्त्वाची ठरते. राशेल बुखबाइंडर, डेमियन जॉली आणि मेरी वायट यांनी शेजारच्या न्यू साउथ वेल्स राज्याशी तुलना केली, कारण तिथे अशी मोहीम नव्हती. दोन्ही राज्यांत मिळून ४७३० सामान्य नागरिकांना आणि २५५६ डॉक्टरांना मोहिमेच्या आधी आणि नंतर प्रश्न विचारले गेले. निष्कर्ष २००१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आले. व्हिक्टोरियातल्या लोकांच्या समजुती ठळकपणे बदलल्या, न्यू साउथ वेल्समध्ये होत्या तिथेच राहिल्या. व्हिक्टोरियात पाठदुखीचे दावे सुमारे १५ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये जाहिराती थांबल्यावर तीन वर्षांनी पुन्हा विचारलं, तर बदललेल्या समजुती बऱ्याच अंशी टिकून होत्या.

डॉक्टरही बदलले. नव्या संशोधनाला वर्षानुवर्षं जे जमलं नव्हतं, ते टीव्हीवरच्या जाहिरातीने साधलं. कारण सोपं आहे. रुग्ण विश्रांतीची चिठ्ठी मागत दारात उभा असेल तर डॉक्टरला नाही म्हणणं जड जातं; रुग्णानेच घरी जाहिरात पाहिली असेल तर दोघांचंही काम हलकं होतं. याच पाहणीतून पुढे, २००९ मध्ये, एक धक्कादायक निष्कर्ष निघाला: पाठदुखीत आपल्याला विशेष रस आहे असं सांगणाऱ्या डॉक्टरांचं पाठदुखीबद्दलचं ज्ञान इतर डॉक्टरांपेक्षा कच्चं होतं. विश्रांती आणि तपासण्या यांवर त्यांचाच जास्त भर होता.

व्हिक्टोरियाचं यश पाहून इतरांनीही कंबर कसली. स्कॉटलंडमध्ये २००० पासून रेडिओवर मोहीम चालली, पडून राहण्यापेक्षा हिंडत राहावं असं म्हणणारे लोक खूप वाढले, पण कामावरच्या रजा घटल्या नाहीत. नॉर्वेत दोन जिल्ह्यांत, कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात असेच प्रयोग झाले. समजुती थोड्या हलल्या, वागणं फारसं नाही. या मोहिमा लहान होत्या, मुख्यतः रेडिओवर किंवा स्थानिक पातळीवर चालल्या, आणि त्यांच्यामागे व्हिक्टोरियासारखं भरपाई देणारं, मालक आणि डॉक्टर या दोघांशी रोज व्यवहार असणारं प्राधिकरण त्याच ताकदीने उभं नव्हतं. माणसाला हलत राहा म्हटलं आणि कारखान्यात त्याला हलकं काम द्यायला कुणी तयार नसेल, तर त्याने करावं काय?

वेदनेचं विज्ञान लोकांना सांगण्यात याहूनही नाजूक एक जागा आहे. 'वेदनेत मेंदूचाही वाटा असतो' असं डॉक्टर म्हणतात, आणि ऐकणाऱ्याला ऐकू येतं, 'तुमच्या मनाचे खेळ आहेत.' वर्षभर दुखणं काढलेल्या बाईला हे वाक्य लागतं, आणि लागायलाच हवं, कारण घरातल्यांनी ते आधीच दहा वेळा ऐकवलेलं असतं. प्रत्यक्षात सगळीच वेदना मेंदूत जाणवते, मोडलेल्या हाडाचीसुद्धा. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये आपली व्याख्या सुधारली, तेव्हा सोबतच्या टिपांत स्पष्ट लिहिलं की माणूस दुखतं म्हणाला तर त्याच्या म्हणण्याचा मान राखावा.

हे सगळं लोकांना झेपेल का, हा प्रश्न अनेकांना पडतो. ऑस्ट्रेलियातले भौतिकोपचारतज्ज्ञ लॉरिमर मोझली यांनी तो तपासून पाहिला. जुनाट दुखण्याच्या रुग्णांना आणि आरोग्यसेवकांना त्यांनी वेदनेची मज्जाशास्त्रीय बाजू समजावून दिली आणि मग परीक्षा घेतली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात रुग्णांना विषय चांगला समजलेला दिसला. चुकला होता तो आरोग्यसेवकांचा अंदाज. रुग्णांना एवढं कळणार नाही, असं त्यांनी धरून ठेवलं होतं. त्याच वर्षी मोझली आणि डेव्हिड बटलर यांचं 'एक्सप्लेन पेन' हे चित्रांनी भरलेलं पुस्तक आलं, आणि वेदना समजावून सांगणं हा स्वतःच उपचाराचा भाग होऊ शकतो, ही कल्पना भौतिकोपचाराच्या वर्गांत शिरली. नुसत्या समजावण्याने दुखणं जात नाही, हेही नंतरच्या अभ्यासांत दिसलं. समजावणं आणि हालचाल यांची जोडी लागते.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. पुण्याचे संधिवाततज्ज्ञ अरविंद चोप्रा यांच्या चमूने १९९६ मध्ये इंदापूर तालुक्यातल्या भिगवणला घरोघर जाऊन चार हजारांवर प्रौढांना विचारलं, तुमचं काही दुखतं का? साधारण दर पाच-सहा जणांत एकाचं हाड, सांधा, स्नायू असं काहीतरी दुखत होतं. शेतात वाकून राबणाऱ्या, डोक्यावर पाणी आणणाऱ्या माणसांचं हे गाव. त्यांना तीन आठवडे फळीवर झोपा म्हणणं म्हणजे मजुरी बुडवा म्हणणं, आणि खुर्चीत बसणाऱ्यापेक्षा त्यांना वाकू नका म्हणणं कितीतरी क्रूर.

आज फळी गेली, तिची जागा लिफाफ्याने घेतली आहे. एमआरआयचा मोठा लिफाफा घेऊन माणूस एका दवाखान्यातून दुसऱ्यात जातो. आतला कागद इंग्रजीत, आणि तो आधी वाचतो कॉलेजात जाणारा पुतण्या. 'डीजनरेटिव्ह', 'बल्ज', 'कॉम्प्रेशन'. घरात शब्द होतात: गॅप कमी झालाय, मणका घासला, नस दबली. त्या क्षणापासून माणूस वाकताना श्वास रोखतो. अमेरिकेत यावर एक उपाय करून पाहिला गेला. दोन लाखांहून अधिक रुग्णांच्या या प्रयोगात काही अहवालांखाली दोन-चार ओळी जोडल्या गेल्या: पाठ न दुखणाऱ्या, तुमच्या वयाच्या इतक्या टक्के लोकांतही हे बदल दिसतात. २०२० मध्ये निष्कर्ष आले. पाठीवरचे पुढचे उपचार आणि तपासण्या एकंदरीत कमी झाल्या नाहीत. अफूवर्गीय वेदनाशामकांच्या चिठ्ठ्या तेवढ्या किंचित घटल्या. कागदावरच्या ओळीला, ती समोर बसून समजावणारं माणूस लागतं.

मराठीत असं समजावायचं तर काय सांगायचं, याबद्दल आता जाणकारांत फारसे मतभेद उरलेले नाहीत. पाठीत भरलेली उसण बहुतेकांची काही आठवड्यांत बरीच उतरते. दुखत असताना बेताने चाललं, घरातलं काम केलं, तर मणका मोडत नाही. पहिले एक-दोन दिवस असह्य झालं तर पडावं, पण उठून हिंडायची घाई ठेवावी. शेक घ्यावा, पट्ट्यावर विसंबू नये. एमआरआय सगळ्यांना लागत नाही. आणि लघवी किंवा शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या मधली जागा बधिर झाली, पायातली ताकद कमी होत चालली, ताप किंवा उतरणारं वजन सोबत असेल, आधी कर्करोग होऊन गेला असेल किंवा मोठा मार बसला असेल, तर मात्र घरगुती उपायांत वेळ न घालवता त्याच दिवशी इस्पितळ गाठावं.